नारोबाचा पाव तास

हिवरखिंडीच्या तांबटआळीत रोज सकाळी अकराच्या ठोक्याला हातोडे थांबतात आणि सव्वा अकराला पुन्हा सुरू होतात. एसटीतून उतरल्यापासून तुम्ही जो ठणठणाट ऐकताय, तो त्या पाव तासात असा गप्प होतो, की पलीकडच्या गल्लीत कुणी पोळी भाजून चिमटा खाली ठेवला तरी इथं कळतं. घड्याळ बघायची गरज पडत नाही. गावातल्या बायका आमच्या हातोड्यांवर कुकर लावतात.

असं का, हे तुम्ही कुणालाही विचारा, गावात प्रत्येकाकडे उत्तर तयार आहे. कोपऱ्यावरचा न्हावी सांगेल, ती देवीची विश्रांतीची वेळ. त्याचं मनावर घेऊ नका, हे उत्तर त्यानं गेल्या दोन-तीन वर्षांत पाहुण्यांसाठी बनवलंय. शाळेतले गुरुजी आरोग्य, ध्वनी वगैरे बोलतील. ते बिचारे परगावचे आहेत. खरी गोष्ट आमच्या आळीत सांगतात ती, आणि ती आहे रेडिओची.

आळीच्या मागं ती पत्र्याची लांब शेड दिसते ना, जिच्या छपरातून बाभळ वर आलीय, तिथं एकेकाळी 'भूपाळी' रेडिओ तयार व्हायचे. पुढं टीव्हीसुद्धा झाले. आता तिथं शेळ्या बसतात. पण आमच्या लहानपणी जिल्ह्यात कुठंही जा, हिवरखिंड म्हटलं की लोक विचारायचे, "रेडिओवाली का?"

तर झालं असं, म्हणे. मोरेश्वर आगटे नावाचे एक गृहस्थ होते, कोकणातले. लढाईत फौजेची बिनतारी यंत्रं दुरुस्त करून आलेले. लढाई संपली, स्वराज्य आलं, आणि यांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं, की गावोगावच्या चावडीवर रेडिओ वाजला पाहिजे आणि तो आपण बनवलेला पाहिजे. जागा शोधत शोधत ते आमच्या गावी आले. शेंगतेलाची एक बंद पडलेली गिरणी त्यांना दाखवली. ते आत गेले, मधोमध उभे राहिले, टाळी वाजवली आणि ऐकत राहिले. रेडिओच्या माणसाला शांत जागा लागते. गिरणी शांत होती, अगदी देवळासारखी. आगट्यांनी तिथल्या तिथं होकार दिला.

आता यातली मेख त्यांना कोण सांगणार? ते आले त्या दिवशी आळीतली एक म्हातारी वारली होती.

तांबटआळीचा नियम फार जुना आहे. असं सांगतात, की आमचे पूर्वज या खिंडीत आले तेव्हा कालिकादेवीनं मूळ पुरुषाला दृष्टांत दिला, की जोवर तुझ्या आळीत दिवसाउजेडी हातोडा वाजतोय तोवर मी इथं आहे. तेव्हापासून सूर्य उगवला की हातोडा सुरू, मावळला की बंद. मधे खंड नाही. जेवायला उठायचं तर पाळीपाळीनं. सणाच्या दिवशी बाकीचे पुरणपोळी खात असले तरी देवीपुढं एकजण घागर घेऊन हात चालवत बसलेला असायचाच. हातोडे थांबायचे ते एकाच कारणानं. आळीत कुणी गेलं, की पहिल्या हुंदक्याला सगळे हातोडे खाली यायचे आणि अग्नी देऊन मंडळी परतेपर्यंत कुणी उचलायचं नाही. जन्मभर ज्याच्या कानांनी घणघणाटाशिवाय काही ऐकलं नाही, त्या माणसाला आळी शेवटी ही एक गोष्ट द्यायची. आमच्यात माणसाची किंमत सोन्यानाण्यानं नाही केली जात. त्याच्यासाठी आळी कशी गप्प झाली होती, ते सांगतात. अमक्याच्या वेळी कावळासुद्धा बोलला नाही, असं.

आगटेसाहेब सामानसुमान घेऊन आले तोवर म्हातारीचे दिवस होऊन गेले होते. कारखान्याच्या मुहूर्ताला त्यांनी नारळ फोडला, तर तो फुटल्याचा आवाज कुणालाच आला नाही म्हणे. तोंडचं पाणी पळालं त्यांच्या. पण पुढं महिनाभरात त्यांनाही सवय झाली. इथली सवय अशी लवकर लागते. परगावाहून आलेली आमची सून पहिला आठवडा कानावर हात ठेवून फिरते आणि तिसऱ्या आठवड्यात माहेरी जाऊन म्हणते, इथं झोप लागत नाही, फार शांत आहे.

कारखान्यात कामाला सत्तर-ऐंशी माणसं लागली, त्यातल्या निम्म्या मुली. डाग देण्याचं, तारा गुंफण्याचं काम त्यांच्या हाताला बसलं. आणि सगळ्यात शेवटच्या टेबलावर बसायची शकुंतला. ही आमच्याच आळीतली, नारोबा वडक्यांची नात. आईबाप लहानपणीच गेलेले, आजा-आजीनं वाढवलेली. नारोबा म्हणजे आळीचे मुखत्यार. पंचाहत्तरीचा माणूस, उजवा कान कामानं पूर्ण गेलेला, पण बंबाच्या बुडावर बोट फिरवून सांगायचे की पत्रा कुठं पातळ झालाय. तांबटाची पोर परक्याच्या कारखान्यात जाते म्हणून आळीत कुरबुर झाली, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "तिचा कान चांगला हाय. आपल्यात वाया जाईल."

शकुंतलेचं काम ऐकायचं. तयार झालेला प्रत्येक रेडिओ तिच्यापुढं यायचा. खटका लावायचा, कान द्यायचा, आवाज स्वच्छ असेल तर मागच्या बाजूला लाल रंगाचा ठिपका. तिचा ठिपका पडल्याशिवाय रेडिओ दाराबाहेर जात नसे.

पहिलं मोठं काम आलं ते सरकारकडून, साठ रेडिओंचं. आसपासच्या साठ खेड्यांच्या चावड्यांवर ठेवायचे. कारखान्यानं रक्ताचं पाणी केलं. साठही रेडिओ शकुंतलेच्या टेबलावरून गेले, साठांवर ठिपके पडले, हार घालून बैलगाड्यांतून रवाना झाले. गावानं पेढे वाटले.

पंधरा दिवसांत गाड्या परत आल्या. साठच्या साठ.

एका सरपंचाची चिठ्ठी पुढं कित्येक वर्षं कारखान्यात भिंतीवर लावलेली होती. त्यात लिहिलं होतं, "आपल्या यंत्रात कोणी इसम भांडी ठोकीत बसला आहे. गाणे लागले तरी तो थांबत नाही. कृपा करून त्यास बाहेर काढावे व यंत्र पुन्हा पाठवावे."

आगट्यांनी एक रेडिओ उघडला, लावला. गाणं चांगलं चाललं होतं. मागं टक टक टक टक होतं, पण ते आळीचं. सगळ्यांनी ऐकलं. सगळे म्हणाले, रेडिओ ठीक आहे, खेड्यातल्या लोकांना काय कळतंय. मग आगट्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी तो रेडिओ बॅटरीसकट सायकलला बांधला आणि तीन मैलांवरच्या माळावर नेला. माळावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी खटका लावला, आणि टक टक टक टक.

आवाज आळीचा नव्हताच. रेडिओच्या पोटातला एक कंडेन्सर खराब निघाला होता, कंडेन्सरांची अख्खी पेटीच तशी आली होती. असा कंडेन्सर बसला की रेडिओ आपोआप टकटकायला लागतो. दुसऱ्या कुठल्याही गावात हे पहिल्या रेडिओलाच कळलं असतं. आमच्या गावात साठ झाले तरी कळलं नाही, कारण तो आवाज आमचाच वाटला. आगटेसाहेब माळावर दगडावर बसून रडले, असं सांगतात. कुणी पाहिलं होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

वरून कागद आला. एकविसाव्या दिवशी तपासनीस येऊन स्वतः ऐकतील. साठांतला एक जरी टकटकला तरी काम रद्द. आणि ज्या व्यक्तीनं हे रेडिओ ऐकून पास केले, तिला पुन्हा त्या टेबलावर बसवू नये.

काम रद्द झालं तर कारखाना उभा राहत नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. पण शकुंतलेला त्याहून जास्त लागलं होतं. साठ ठिपके तिचे होते. तिनं आगट्यांना सांगितलं, "साहेब, मला काढायचं तर काढा. पण हे साठ मला परत ऐकू द्या. आणि ऐकायचं तर मला शांत पाहिजे."

शांत आणायचं कुठून? साठ उघडे रेडिओ रोज माळावर न्यायचे-आणायचे तर बैलगाडीच्या धक्क्यांनी नुकती जोडलेली तार पुन्हा सुटायची. रात्री बायकांना कामावर ठेवायची कायद्यानं मनाई. आगट्यांनी हिशोब केला. आकाशवाणीचे सकाळचे कार्यक्रम संपलेले असतात आणि दुपारचे सुरू व्हायचे असतात, अशी मधली वेळ अकराची. तेव्हा रेडिओत गाणं नाही, बातम्या नाहीत. रेडिओ लावला तर फक्त त्याचा स्वतःचा आवाज येईल, आणि दोष असेल तर लपायला जागा मिळणार नाही. रोज तेवढा पाव तास हातोडे थांबले तर रोज काही रेडिओ ऐकून, दुरुस्त करून, पुन्हा ऐकता येतील.

संध्याकाळी आळी कालिकेच्या देवळात जमली, तिथं ते आले. आळीचा नियम त्यांना एव्हाना माहीत झाला होता, म्हणून ते पायरीवरच थांबले. हात जोडून एवढंच म्हणाले, "मला पाव तास हवाय. तुम्ही नाही म्हणालात तर मी रागावणार नाही."

आळीत कल्लोळ झाला. लग्नसराईचे दिवस, घागरी-हंड्यांचं काम अंगावर, ते एक. पण खरी भीती देवीची. नारोबांचे धाकटे भाऊ कोंडिबा सगळ्यात तापट. ते उठून म्हणाले, "हातोडं थांबलं म्हंजी मढं पडलं. रोज अकराला मढं काढायचं तरी कुणाच्या घरातनं?"

 शकुंतला देवळाच्या खांबाशी उभी होती. तिनं मान खाली घातली.

नारोबांनी डावा कान पुढं केला होता, तो मागं घेतला. म्हणाले, "माझ्या घरातनं."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी आलं. पण त्यांना सगळं ऐकू आलं होतं. ते उठून देवीसमोर गेले आणि म्हणाले, "मरणाबिगर हातोडं थांबायचं न्हाईत, हे खरं. मग मी रोज पाव तास मरतो. मी गेल्यावर आळी मला जी शांतता देणार, ती मला आगाऊ द्या. एकदम नको, रोज थोडी थोडी. आन् मी खरा जाईन त्या दिवशी माझ्यापायी एक हातोडा थांबता कामा न्हाई. माझं देणं तवा फिटलेलं असंल. हे मी आईम्होरं सांगतोय, कुणी मोडायचं न्हाई."

मंडळी, तुम्हाला हे ऐकून हसू येईल. आळीत कुणी हसलं नाही. एखाद्या तांबटानं आपलं घर दिलं असतं, शेत दिलं असतं, तर लोक वाहवा म्हणून घरी गेले असते. नारोबांनी जे दिलं त्याच्यापुढं कोंडिबांचा तापटपणाही उतरला. ते फक्त म्हणाले, "दादा, नको."

"बस खाली," नारोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराला नारोबांनी आपल्या ओट्यावर घोंगडी अंथरली, दक्षिणेला पाय केले, डोळे मिटले. कोंडिबांनी हातोडा खाली ठेवला. त्यांच्यामागून एकेक करत सगळ्यांनी ठेवला. आणि आळी गप्प झाली.

सारं गाव धावत आलं म्हणे. मंडईतून, कचेरीतून, शाळेतून लोक पळत आले, "कोण गेलं, कोण गेलं?" ओट्यावर नारोबा आडवे, शेजारी त्यांची बायको बायजाक्का हाताची घडी घालून बसलेली. तिला हा सगळा प्रकार मुळीच पटला नव्हता. लोकांनी तिच्यापुढं गळा काढला, तेव्हा ती म्हणाली, "रडू नका, सव्वा अकराला उठतील. उठल्यावर पयल्यांदा च्या मागतील, बघा." आणि खरंच, सव्वा अकराला नारोबा उठून बसले आणि चहा मागितला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावाहून पाहुणे रडत आले, त्यांनाही चहा पाजून परत पाठवावं लागलं.

पण भिंतीपलीकडे त्या पहिल्या पाव तासात जे झालं, ते मला खुद्द शकुंतलेनं सांगितलंय, आम्ही आळीतली पोरं तिला शकुंतलाआत्या म्हणायचो. तिच्यापुढं दहा रेडिओ मांडलेले होते. हातोडे थांबले तेव्हा तिला आधी आपल्याच कानांची भीती वाटली. जन्मल्यापासून कानात होतं ते एकाएकी निघून गेलं. मग तिनं पहिला रेडिओ लावला. टक टक टक. दुसरा. टक टक टक. दहाच्या दहा. "मी माझ्याच दारातला आवाज ऐकत बसले आणि पुढ्यातला सोडला," असं ती म्हणायची, म्हातारपणीसुद्धा म्हणायची, आणि तेव्हाही तिचे डोळे भरायचे. त्या दिवशी तिच्या हातून कामच होईना. मग तिच्या लक्षात आलं, की पलीकडे आजा मरून पडलाय तो हिच्यासाठी, आणि ही रडण्यात वेळ घालवतेय. तिनं डोळे पुसले आणि अकरावा रेडिओ मागवला.

वीस दिवस असं चाललं. आगट्यांनी नवे कंडेन्सर मागवले, मुलींनी ते बदलले, शकुंतलेनं प्रत्येक रेडिओ दोन-दोनदा ऐकला. मधे एकदा कोंडिबांच्या नातवाला मोठा ताप आला, तेव्हा आळी पुन्हा कुजबुजायला लागली, की देवी कोपली. नारोबा नातवाच्या उशाशी जाऊन बसले. अकरा वाजले तसे उठले, ओट्यावर जाऊन आडवे झाले. म्हणाले, "दिलंय ते माझं दिलंय. तिला माणसं वळखता येत्यात." पोरगं चौथ्या दिवशी खेळायला लागलं. तापच होता तो, उतरायचाच होता, असं आमचे डॉक्टर म्हणतात. आळीत तसं म्हणत नाहीत.

एकविसाव्या दिवशी तपासनीस आले. गाडी आळीच्या तोंडाशी थांबली ती नेमकी अकराला. ते चालत आत आले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं हातोडे खाली ठेवून बसलेली, आणि एका ओट्यावर एक म्हातारा निपचित. त्यांनी घाईनं डोक्यावरची टोपी काढली. हळू आवाजात विचारलं, "कधी वारले?"

"आत्ताच," कुणीतरी सांगितलं. "पाव तासात उठतील."

तपासनिसांनी यावर काही विचारलं नाही. मोठ्या हुद्द्याची माणसं असं काही विचारत नाहीत. ते आत गेले. साठ रेडिओ रांगेत मांडलेले, सगळ्यांचे खटके लावलेले. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हे बंद आहेत." शकुंतला म्हणाली, "न्हाई साहेब, चालू हायेत. कान द्या." त्यांनी वाकून एका रेडिओला कान लावला. पाणी उकळायच्या आधी चुलीवर जसा बारीक आवाज करतं, तेवढाच आवाज आतून येत होता. ते दुसऱ्याकडे गेले, तिसऱ्याकडे गेले, साठही पाहिले. मग त्यांनी विचारलं, हे कुणी ऐकून पास केले. आगटे काही बोलायच्या आत शकुंतला पुढं झाली आणि म्हणाली, "पयले बी मीच पास केले होते."

कागदात लिहिलेलं ते वाक्य तपासनिसांनी स्वतःच्या हातानं खोडलं, असं सांगतात. तो कागद मी पाहिलेला नाही. पण शकुंतलाआत्या पुढची तीस-बत्तीस वर्षं त्याच टेबलावर बसली, हे मी पाहिलंय.

कारखाना चालला. असा चालला की विचारू नका. साठाचे सहाशे झाले, पुढं हजारांनी जायला लागले. आणि पाव तासही चालत राहिला, कारण रोज नवे रेडिओ आणि रोज ऐकणं आलंच. नारोबा नऊ वर्षं रोज मेले. पावसात ओट्यावर छप्पर घातलं. एकदा घोंगडीवर मांजर येऊन बसलं तर बायजाक्का म्हणाली, यमदूत बी घरचाच मिळाला.

नवव्या वर्षी, एका दुपारी, बंबाची कड वळवता वळवता नारोबा बसल्या जागी गेले.

पहिला हुंदका बायजाक्काचा आला आणि सगळ्या आळीचे हातोडे हवेत थांबले. हात सवयीनं खाली यायला लागले. तेवढ्यात कोंडिबा ओरडले, "थांबू नका!" जे सगळ्यात जास्त विरोधात होते, ते. त्यांनी आपल्या पुढ्यातलं पातेलं ओढलं आणि ठोकायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हात चालतोय. मग एकेकानं सुरू केलं. त्या दिवशी आळीत जेवढा आवाज झाला तेवढा आधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही.

आता अडचण अशी झाली, की तिरडीला खांदा द्यायला माणूस मिळेना, कारण ज्याच्या त्याच्या हातात हातोडा. कोंडिबा सख्खा भाऊ, पण ते उठले नाहीत. तेव्हा कारखान्याचं दार उघडलं. आगटेसाहेब आले, त्यांच्यामागं तारा गुंफणारी, खोकी बनवणारी, रंग देणारी सगळी माणसं आली, सगळ्या जातीपातींची. त्यांनी नारोबांना उचललं. तांबटांचा मुखत्यार रेडिओवाल्यांच्या खांद्यावरून गेला, आणि दोन्ही बाजूंना तांबट मान खाली घालून ठोकत बसले होते. शकुंतलाआत्या सांगायची, स्मशानापर्यंत तो आवाज सोबत येत होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. मुली टेबलावर बसलेल्या, रेडिओ लावलेले, आणि हातोडे चालू. नारोबा गेले तसा त्यांचा पाव तासही गेला होता. आगट्यांनी कुणाला विचारलं नाही, विचारायचं तोंडच नव्हतं त्यांना. शकुंतला उठून आळीत आली. म्हणाली, आता माझी शांतता घ्या. लोक म्हणाले, पोरी, मेलेली बाई रेडिओ कशी ऐकणार?  तेव्हा कोंडिबांनी हातोडा ठेवला, भावाच्या ओट्यावर गेले, घोंगडी झटकली आणि दक्षिणेला पाय करून आडवे झाले.

तेव्हापासून ती रीतच पडली. कोंडिबांनंतर त्यांचा जावई, त्यानंतर आणखी एक. ज्यानं ओट्यावर पाठ टेकली, त्यानं आपली शेवटची शांतता कारखान्याला दिली, आणि त्याच्या दिवशी आळी वाजत राहिली. कारखान्यात पुढं टीव्ही आले. काळे-पांढरे, लाकडी दारांचे. तेसुद्धा शकुंतलाआत्या डोळे मिटून ऐकायची. टीव्ही कानानं पास करणारा तो एकच कारखाना असेल. मग रंगीत आले, मोठ्या कंपन्यांचे आले, दुकानं त्यांनीच भरली. आगटेसाहेब त्याआधीच वारले होते. शेवटचा टीव्ही शकुंतलाआत्यानं ऐकला, ठिपका दिला, टेबल पुसलं, आणि दाराला कुलूप लागलं.

तेव्हा देवळात पुन्हा सगळे जमले. आता ऐकायला काही उरलं नाही, मग पाव तास कशाला? प्रश्न बरोबरच होता. तरणी पोरं म्हणत होती, बंद करा. शकुंतलाआत्या खांबाशी उभी होती, केस पिकलेले. ती म्हणाली, "आजा गेला तेव्हा तुम्ही ठोकत होता. कोंडिबाआजा गेला तेव्हाबी. एवढी सगळी माणसं घणघणाटात गेली. त्यांना शांत कधी मिळालं? रोज अकराला जे मिळतंय तेवढंच त्यांचं हाय. ते काढून घ्यायचं असंल तर घ्या." कुणी घेतलं नाही. ती स्वतः बारा वर्षांपूर्वी गेली. तिनं आपली शांतता कधी दिली नव्हती, ऐकणारीनं मरायचं नाही म्हणून लोकांनी ती घेतलीच नव्हती. तिच्यासाठी आळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गप्प होती. कावळासुद्धा बोलला नाही, मी होतो तिथं.

आजही अकरा वाजता कुणाला तरी त्या ओट्यावर जावं लागतं, कारण मरणाशिवाय आळीत हातोडे थांबत नाहीत, हा नियम अजून तसाच आहे. नारोबांपासून धरून आत्तापर्यंत नऊजण झाले. दहावा मी. चार वर्षं झाली मला.

मेल्याचं काही वाटत नाही, सवय होते. पण एक सांगतो तुम्हाला. मी पाठ टेकली तेव्हा आळीत अकराजण ठोकत होते. आता पाच आहेत. स्टीलनं घागरी खाल्ल्या, पोरं पुण्याला गेली, त्यांना दोष देत नाही. पण मी जाईन त्या दिवशी ठोकायला कुणी उरलंच नसलं, तर आळी आपोआप गप्प असेल, आणि जी शांतता मी देवीपुढं देऊन बसलोय ती मला फुकट मिळेल. मला ती नको आहे. म्हणून माझ्या मुलाला, तो तिकडं कंपनीत आहे, मी सांगून ठेवलंय, की बाबा, बातमी आली की रडत बसू नकोस. आधी ये, माझ्या जागेवर बस, हातोडा घे आणि वाजव. तुला भांडं घडवता येत नाही, माहीत आहे मला. नुसतं वाजव.

चला, अकराला दोन मिनिटं आहेत. तुम्ही इथंच बसा, मोबाइल तेवढे बंद करा. मी पाव तासात उठतो, मग चहा घेऊ.